जळगावचे नाना आणि आमच्या सिनेमाची अनुदानाची फाइल

सिनेमाच्या अनुदानाची फाइल कोणाकडून करून घ्यावी, हे गेल्या चार महिन्यांत खान्देशातल्या आठ-दहा जणांनी मला विचारलं. फोनवर दरवेळी अर्धवटच सांगून होतं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

मी अमळनेरची. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या गावात ९७वं मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याच महिन्यात माझ्या धाकट्या भावाची संहिता पूर्ण झाली. दिग्दर्शन त्याने केलं, पैसे मी उभे केले. ५८ लाख. त्यात माझे पगारातले साठवलेले होते, नवऱ्याच्या दुकानातले होते, आणि आईने तिच्या वाट्याच्या शेतावर काढलेले होते. आईचे पैसे होते म्हणून प्रत्येक रुपयाची काळजी होती.

ज्यांच्या कामाबद्दल लिहिते आहे ते जळगावचे एक कर सल्लागार. वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांनी नाव छापू नको म्हणून सांगितलं, कारण ओळखीतून आलेलंच काम ते घेतात. दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या, एक टायपिंग करणारा मुलगा, भिंतीला लागून लोखंडी कपाटं. त्यांचं मूळ काम केळीच्या व्यापाऱ्यांचं आणि सराफांचं. सिनेमाच्या फाइली आमच्याआधी त्यांनी दोनच केल्या होत्या.

त्यांच्याकडे जाण्याआधी आम्ही एकदा फसलो. मोठ्या शहरातला एक एजंट ओळखीने भेटला. त्याने ७५ हजार आगाऊ घेतले आणि मिळालेल्या अनुदानातला पाचवा हिस्सा मागितला. ‘महाराष्ट्राचं तर मिळेलच, शिवाय मध्य प्रदेशचंही मिळवून देतो, गॅरंटी,’ असं तो म्हणाला. आम्ही विश्वास ठेवला, कारण तो फार सफाईने बोलायचा आणि आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं. पैसे गेले, वर दोन महिने गेले.

नानांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा भावाने बजेटचा कागद पुढे ठेवला. जमेच्या बाजूला सगळ्यात वर लिहिलं होतं: शासन अनुदान ४० लाख. नानांनी चष्मा वर केला, खिशातली पेन्सिल काढली आणि त्या ओळीवर एक सरळ रेघ मारली. खोडली नाही, फक्त रेघ मारली. आकडा खालून दिसत होता. मग म्हणाले, ‘ताई, हे पैसे सिनेमा करायला नाहीत. सिनेमा करून झाला, सेन्सॉर झाला, समितीने पाहिला, तिला बरा वाटला, तर मिळणारे आहेत. ह्यांच्या भरवशावर कॅमेरा भाड्याने आणू नका.’ माझ्या पोटात गोळा आला. त्या एका रेघेने आमचं बजेट उघडं पडलं होतं. कमी पडणारे १८ लाख कुठून येणार हा प्रश्न आम्ही तोवर स्वतःला विचारलाच नव्हता, कारण त्या ४० लाखांनी तो झाकून टाकला होता.

आज वाटतं, त्यांच्या फीचे सगळे पैसे त्या रेघेतच वसूल झाले. तीन आठवडे बसून भावाने शूटिंगचे दिवस ३४ वरून २६ वर आणले, क्रेन काढली, दोन गाणी होती तिथे एक ठेवलं. त्यामुळे सिनेमा बिघडला असं मला वाटत नाही.

योजना काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण गावात ह्यावर फार गैरसमज आहेत. महाराष्ट्रात मराठी सिनेमाला सरकारी आधार जुना आहे. १९७५ मध्ये करपरतावा योजना आली. सिनेमाने भरलेला करमणूक कर निर्मात्याला पुढचा मराठी सिनेमा काढण्यासाठी परत मिळायचा. म्हणजे ज्याचा सिनेमा चालला त्याला जास्त. पुढे ती पद्धत जाऊन दर्जावर अनुदान आलं. समिती सिनेमा पाहून गुण देते, ‘अ’ दर्जाला ४० लाख, ‘ब’ दर्जाला ३० लाख, आणि पुरेसे गुण पडले नाहीत तर काही नाही. हा कारभार गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीतून चालतो. नाना म्हणतात, आधी तिकीटबारी परीक्षक होती, आता समिती परीक्षक आहे, आणि परीक्षेचा निकाल लागण्याआधी कोणी पेढे वाटू नयेत.

‘टॅक्स फ्री’चं वेड तर विचारूच नका. माझे सासरे रोज विचारायचे, ‘तुमचा पिक्चर टॅक्स फ्री करून घ्या, म्हणजे पैसे सुटतील.’ नानांनी त्यांना फोनवर पंधरा मिनिटं समजावलं. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, राज्याचा करमणूक कर त्यात विरला. आता राज्य सरकार फार तर आपल्या वाट्याचा जीएसटी सोडू शकतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के कर आहे, त्याच्या वर १८ टक्के. पाच टक्क्यांतला निम्मा केंद्राचा. म्हणजे अमळनेरच्या १०० रुपयांच्या तिकिटात राज्याच्या हातात दोन-अडीच रुपये, आणि तेही सुटले तर प्रेक्षकाचे सुटणार, निर्मात्याच्या खिशात काही येणार नाही. सासऱ्यांना पटलं. त्यानंतर तेच गल्लीतल्या लोकांना समजावून सांगायला लागले.

मध्य प्रदेशचं प्रकरण सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या भागातल्या प्रत्येकाला हा मोह होतो. आपण सीमेवरचे लोक. रावेर ओलांडलं की बऱ्हाणपूर, शिरपूर ओलांडलं की सेंधवा, नवापूरच्या पलीकडे गुजरात. मध्य प्रदेशच्या २०२०च्या चित्रपट पर्यटन धोरणात निर्मिती खर्चाच्या २५ टक्क्यांपर्यंत अनुदान होतं, त्याला ठरावीक कमाल मर्यादा होती, आणि मुख्य अट अशी की शूटिंगचे निदान निम्मे दिवस त्या राज्यात झाले पाहिजेत. तीन चतुर्थांश झाले तर मर्यादा वाढायची. गुजरातनेही २०२२ मध्ये आपलं सिनेमॅटिक टुरिझम धोरण आणलं. एजंटने आम्हाला भरवलं होतं की कथा तापीकाठची आहे, तापी बऱ्हाणपुरातही आहे, उचला आणि तिकडे न्या. भावालाही ते पटलं होतं. बऱ्हाणपूर तर एकेकाळी खान्देश सुभ्याची राजधानी, ते परकं कसं, असं तो म्हणायचा. त्याचं म्हणणं मनाला लागतं, खोटं नाही.

नानांनी हो किंवा नाही म्हटलं नाही. वहीचं पान आडवं धरलं आणि रकाने पाडले. २६ दिवसांपैकी १३ दिवस तिकडे हवेत. संहितेप्रमाणे तिकडे जमण्यासारखे दिवस पाच. उरलेले आठ दिवस ओढून न्यायचे तर ४५ माणसांची राहण्याची सोय, जनरेटरची ने-आण, आमच्याच गावच्या बैलजोड्या टेम्पोने न्यायच्या, आणि सासरचा जो वाडा आम्हाला फुकट मिळत होता तसा वाडा तिकडे भाड्याने घ्यायचा. शेवटी एक वाक्य: ‘आणि एकच बिल दोन दारांत दाखवायचं असेल तर ते माझ्याकडून होणार नाही.’ पान फाडून आमच्या हातात दिलं. निर्णय आम्ही घरी येऊन घेतला, शूटिंग इथेच करायचं. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

दिवस कुठे मोजला जातो हे समजावताना त्यांनी नवापूर स्टेशनचं उदाहरण दिलं. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातलं हे स्टेशन दोन राज्यांत आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत, आणि फलाटावरच्या एका बाकाचा अर्धा भाग इकडे, अर्धा तिकडे. ‘त्या बाकावर तुमची नायिका बसली, तर तो दिवस कोणाचा?’ असं विचारून ते थांबले. आम्हाला उत्तर आलं नाही. ‘ज्याचा कागद, त्याचा दिवस,’ म्हणाले. तेव्हापासून रोजच्या कॉलशीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या शूटिंगच्या तक्त्यावर, गाव, तालुका, जिल्हा लिहायचा, आणि गावातून निघताना ग्रामपंचायतीचा शिक्का घ्यायचा, हा नियम झाला. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आम्ही दोन दिवस शूट केलं. दत्तजयंतीची जत्रा, डिसेंबर २०२४, पाय ठेवायला जागा नव्हती. तरी आमचा प्रॉडक्शनचा मुलगा गर्दीतून वाट काढत शिक्का घेऊन आला.

आता त्यांच्या कामातला मला सगळ्यात आवडलेला भाग. शूटिंग सुरू झाल्याच्या चौथ्या दिवशी नाना स्वतः चोपड्याकडच्या लोकेशनवर आले. एस.टी.ने आले, कापडी पिशवी घेऊन. सेटकडे त्यांनी पाहिलंही नाही, सरळ चुलीकडे गेले. तिथे जिजी भाकरी थापत होती. ४५ माणसांच्या कळण्याच्या भाकरी, शेवभाजी, एक दिवसाआड भरीत, हे सगळं तिच्या आणि तिच्या दोन सुनांच्या हातचं. तिला रोजचे पैसे रोख मिळत होते आणि कागद एकही नव्हता. नानांनी पिशवीतून व्हाउचर बुक काढलं, कार्बन घातला, तारीख, काम, माणसं, रक्कम लिहिली, महसुली तिकीट चिकटवलं आणि शाईचा पॅड पुढे केला. जिजीचे हात पिठाने माखलेले. ती म्हणाली, ‘पैसा भेटी ग्यात, आते अंगठा कसाले?’ नाना उकिडवे बसले आणि म्हणाले, ‘जिजी, तुन्ही भाकरना हिशोब मुंबईले दखाडना शे.’ तिने पदराला हात पुसले आणि अंगठा उठवला. त्या व्हाउचरच्या कडेला पिठाचा पांढरा डाग आहे. फाइल चाळताना तो दिसला की मला तो दिवस आठवतो.

सिनेमाच्या खर्चात जिजी, बैलगाडीवाला, केळीच्या बागेचा मालक, रात्री राखण करणारा भिल्ल पोरगा, ह्या सगळ्यांची नावं असली पाहिजेत, असं नानांचं म्हणणं. एजंटच्या नमुन्याच्या फाइलमध्ये ‘किरकोळ खर्च ६ लाख’ अशी एकच ओळ होती. आमच्या फाइलमध्ये त्या ओळीच्या जागी २१४ व्हाउचर आहेत. आपल्या सिनेमासाठी कोण राबलं ते त्यात नावानिशी आहे, आणि मला त्याचा फार आनंद वाटतो.

रोखीच्या बाबतीत ते कडक. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख द्यायचे नाहीत, नाहीतर आयकरात तो खर्च धरला जात नाही. जनरेटरवाल्याला ३५ हजार रोख हवे होते आणि तो गाडी परत न्यायला निघाला होता. शेवटी त्याच्या बायकोच्या खात्यावर पाठवू का असं आम्ही विचारलं, तर नाना म्हणाले, ‘बिल ज्याचं, खातं त्याचं.’ बँकेत पाठवले, तो थांबला.

सगळ्यात किचकट काम नावांचं निघालं. बॅनरचं नाव, पॅन, जीएसटी, बँक, सेन्सॉरचा अर्ज, सिनेमाच्या सुरुवातीची पाटी, सगळीकडे नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. आमच्या आधीच्या काही पावत्या भावाच्या वैयक्तिक नावावर होत्या, कॅमेऱ्याच्या भाड्याचं पहिलं बिलसुद्धा. त्यावरचा १८ टक्के जीएसटी आमच्या फर्मला वजा मिळणार नव्हता. नानांनी ते बिल बदलून आणायला लावलं. पुण्याची दोन हेलपाट्यांची दगदग झाली, पण बिल बदललं.

आयकराचा भाग त्यांनी ज्या सहजतेने सांगितला तसा मला अजून कोणी सांगितलेला नाही. सिनेमा मार्चअखेरच्या किमान ९० दिवस आधी प्रदर्शित झाला, तर निर्मितीचा पूर्ण खर्च त्याच वर्षी वजा करता येतो. उशीर झाला तर जेवढी वसुली तेवढाच खर्च, बाकीचा पुढच्या वर्षी. आमचा विचार फेब्रुवारीचा होता, नानांमुळे नोव्हेंबर २०२५ धरला. वर्षात ज्यांना ५० हजारांच्या वर दिले त्यांची यादी फॉर्म ५२अ मध्ये द्यावी लागते, ती त्यांनी शूटिंग चालू असतानाच भरत आणली. आणि अनुदान मिळालं तर ते उत्पन्नात धरलं जातं, हेही आधीच सांगितलं. ह्यावर त्यांचा आवडता किस्सा आहे. पुण्याच्या चाफळकर बंधूंच्या मल्टिप्लेक्सचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि करमणूक करातल्या सवलतीची रक्कम भांडवली जमा आहे, म्हणजे करपात्र उत्पन्न नाही, असा निकाल २०१७ मध्ये लागला. पण त्याआधीच, २०१५ च्या वित्त कायद्याने, सरकारी अनुदान उत्पन्नाच्या व्याख्येत आलं होतं. ‘निकाल वाचून नाचू नका, तारीख वाचा,’ असं ते सांगतात.

भाऊ मधूनमधून परदेशातलं वाचून यायचा. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात खर्चाच्या २० टक्के करसवलत मिळते, सिनेमात राज्याचं पीच फळाचं चिन्ह दाखवलं की आणखी १०, आणि ती सवलत निर्मात्याला वापरायची नसेल तर दुसऱ्या करदात्याला विकताही येते. नानांनी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं, वहीत लिहून घेतलं. त्याच अमेरिकेत मिशिगनने ४२ टक्क्यांपर्यंत देऊ केले होते आणि २०१५ मध्ये ती योजना बंद झाली, हेही भावानेच सांगितलं. तेव्हा नानांनी फक्त आमच्या बजेटातल्या त्या रेघेवर बोट ठेवलं.

माझी एक तळमळ इथे मांडते. आमच्या सिनेमातले निम्मे संवाद अहिराणीत आहेत. २०११ च्या जनगणनेत खान्देशी भाषा बोलणारे सुमारे १८.६ लाख लोक नोंदले गेले. उत्तर प्रदेशच्या धोरणात अवधी, ब्रज, बुंदेली, भोजपुरी सिनेमांना खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, हिंदीला २५ टक्क्यांपर्यंत. असा स्वतःचा रकाना मला अहिराणीसाठी हवा आहे. खान्देशातली पोरं मोबाइलवर अहिराणी व्हिडिओ काढून लाखो लोकांपर्यंत पोहोचतात, त्यांच्या हातात पूर्ण लांबीचा सिनेमा का येऊ नये? नानांनी ह्यासाठी सांस्कृतिक कार्य विभागाला पाठवायचं निवेदन टाइप करून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. दुपारी एक ते चार ते फोन उचलत नाहीत, काहीही झालं तरी. टायपिंगच्या मुलाने बॅनरच्या नावात एक अक्षर चुकवलं आणि पूर्ण फाइल पुन्हा काढावी लागली, त्यात १२ दिवस गेले. नाना स्वतः चार्टर्ड अकाउंटंट नाहीत. खर्चाच्या प्रमाणपत्रावर सही त्यांच्या धुळ्याच्या स्नेह्यांची, आणि तिचे ८ हजार वेगळे, हे आम्हाला सुरुवातीला सांगायला हवं होतं. सही मात्र चोख. प्रमाणपत्रावर १८ अंकी यूडीआयएन क्रमांक असतो, तो टाकून कोणीही ऑनलाइन खरं-खोटं तपासू शकतं. एजंटच्या नमुन्यावर तो नव्हता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पोस्ट-प्रॉडक्शन नानांना समजत नाही. डीसीपी (थिएटरला जाणारी सिनेमाची डिजिटल प्रत) म्हणजे काय, साउंड मिक्सचं बिल कोणत्या खात्यात, हे भावाने बसून सांगितलं. जंगलातल्या शूटिंगच्या परवानगीतही त्यांची मदत होत नाही. पाटणादेवीचा परिसर गौताळा अभयारण्यात येतो, तिथली वनखात्याची कागदपत्रं आमची आम्हीच केली.

फी ६० हजार, तीन हप्त्यांत: करार करताना, शूटिंग संपल्यावर, फाइल दाखल झाल्यावर. टक्केवारी नाही. निकाल काय लागेल ह्यावर ते एक शब्द बोलत नाहीत. आमची फाइल दाखल झाली आहे, समितीने सिनेमा पाहायचा आहे. ‘अ’ मिळो, ‘ब’ मिळो, न मिळो, नानांच्या कामाबद्दलचं माझं मत तेच राहील, म्हणून निकालाआधीच लिहिते आहे. आईच्या शेतावर काढलेले पैसे अनुदानावर अवलंबून न ठेवता आम्ही तिकिटांतून आणि भावाच्या जाहिरातींच्या कामातून फेडत आणलेत, अजून अडीच लाख बाकी आहेत.

जायचं असेल तर संहिता पक्की झाल्यावर, पहिलं बिल फाटण्याआधी जा. शूटिंग उरकून गेलेल्या दोघांना त्यांनी माझ्यादेखत परत पाठवलं. सकाळी अकराच्या आत पोहोचा. बजेटचा कागद, फर्मचं पॅन आणि जीएसटी, आणि शूटिंगच्या दिवसांचा गाववार तक्ता बरोबर असू द्या. जमेच्या बाजूला अनुदान लिहिलं असेल तर तसंच राहू द्या, ती रेघ ते स्वतः मारतील.